कोकणातली माणसं गेली कुठे? रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या लोकसंख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत गावी गेलं की ओटीवर हमखास एक वाद रंगतो. एक काका म्हणतात, कोकण ओस पडलं. दुसरे म्हणतात, कसलं ओस, तिठ्यावर गाडी लावायला जागा नाही. दोघंही खरं बोलतात. एकाच्या डोळ्यांसमोर जुलैमधलं गाव असतं, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर चतुर्थीचं. अशा गप्पांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोकण म्हणजे इथे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढंच धरलं आहे. 1 मे 1981 पर्यंत तो एकच जिल्हा होता, त्यामुळे जुन्या आकड्यांत दोन्ही एकत्र येतात. रायगडापासून पुढचं कोकण मुंबईच्या सावलीत वाढलं, त्याची कहाणी वेगळी.

लोकसंख्या खरंच घटली, की फक्त वाढीचा वेग कमी झाला?

घटली. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 16,96,777 माणसं होती, 2011 मध्ये 16,15,069 उरली. म्हणजे 4.82 टक्के घट. सिंधुदुर्ग 8,68,825 वरून 8,49,651 वर आला. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास 16 टक्क्यांनी वाढून 11.24 कोटी झाली.

दोन्ही जिल्हे मिळून एक लाखाहून थोडी जास्त माणसं कमी भरली. पण बाहेर पडलेल्यांची संख्या याहून बरीच मोठी असणार. दहा वर्षांत पाळणेही हलले असतील, आणि एरवी जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच असतात. ती सगळी भर पुसून वर एक लाखाची तूट पडली, असा हा हिशोब आहे.

मग ही माणसं गेली कुठे?

मुंबईला, असं उत्तर तोंडावर येतं. पण 2001 ते 2011 या काळात राज्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गशिवाय आणखी एकाच जिल्ह्याची लोकसंख्या घटली, आणि तो जिल्हा म्हणजे मुंबई शहर. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई. 33.38 लाखांवरून 30.85 लाख, म्हणजे साडेसात टक्क्यांची घट. लालबाग, परळ, शिवडी, करीरोड, सगळं त्यातच आलं.

आता ठाणे बघा. त्या वेळचा अखंड ठाणे जिल्हा (पालघर 2014 मध्ये वेगळा झाला) 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. 36 टक्के वाढ! 2011 मध्ये तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता.

आमच्याच घरातलं सांगतो. आजोबा परळच्या चाळीत होते आणि आजी गावी. काका लग्नानंतर डोंबिवलीला गेले, काकूला घेऊन. चुलतभाऊ बदलापूरला आहे. परळची खोली गेली, गावचं घर अकरा महिने बंद. चाकरमान्याची दोन्ही टोकं रिकामी झाली आणि मधल्या रेल्वे स्टेशनांच्या आजूबाजूला घरं भरली. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर दिव्याहूनच का सुटते, हे त्या गाडीत एकदा उभं राहून प्रवास केला की कळतं.

हे जाणं सुरू कधी झालं?

गिरण्यांच्याही आधी. ब्रिटिशांच्या मुंबई फौजेत रत्नागिरी जिल्ह्यातले मराठा आणि महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि दापोली हे पेन्शनरांच्या वस्तीचं गाव म्हणून ओळखलं जायचं. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन दापोलीला राहिले, ते याच प्रथेतून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणातला हा काळ. 1834 नंतर मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांतही रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडचे लोक होते.

1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली सूतगिरणी काढली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. रत्नागिरीचा माणूस तिथे पोचायला सोपा होता. त्याला घाट चढायचा नव्हता. हर्णै, दाभोळ, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, कुठल्याही बंदरातून बोट धरली की मुंबईचा धक्का. 1880 च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये रोजगारासाठी मुंबईला जाणाऱ्या लोकांची नोंद आहे. तेव्हा हे सगळं कालपरवाचं नव्हे, सहा-सात पिढ्यांचं आहे.

कोकणात एवढा पाऊस, एवढं हिरवं रान. मग शेतीवर पोट का भरत नव्हतं?

हा प्रश्न देशावरचे मित्र विचारतात, तेही पावसाळ्यात येऊन गेल्यावर. त्यांनी मे महिन्यात सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, अनवाणी चालून बघावं.

तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण चार महिन्यांत, आणि जांभ्या दगडावरून तो थेट समुद्राला जातो. भाताची जमीन म्हणजे दोन डोंगरांच्या बेचक्यातले लहान लहान चोंढे. वर वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, त्यात नाचणी आणि वरी, तीही दरवर्षी नाही. एक पीक घेतलं की जमीन आणि माणूस दोघंही मोकळे. घरचा भात शिमग्यापर्यंत पुरला तर ते घर खाऊनपिऊन सुखी.

त्यात खोती. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा खोत हाच गावचा मालक झाला होता. कुळाने जमीन कसायची आणि अर्धेल म्हणजे निम्मं, नाहीतर तिर्धेल म्हणजे एक तृतीयांश पीक खोताच्या अंगणात नेऊन घालायचं. वेठबिगार वेगळी. खोती 1949 च्या कायद्याने संपली, आणि 1 एप्रिल 1957 च्या 'कृषक दिना'ला कुळकायद्याने कसणारा मालक झाला. तोवर मुंबईची वाट मळलेली होती. जमीन मिळाली तेव्हा ती कसणारा हात गिरणीतल्या सांच्यावर होता.

'मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा' म्हणजे नेमकं काय?

मुलगा गिरणीत, बाकी घर गावात, आणि दर महिन्याला पोस्टमनच्या हातून आलेल्या पैशांवर मीठमिरची, कपडालत्ता, औषध, देवाचं कार्य. रोख पैशाचा दुसरा झरा नव्हताच म्हणा.

माझ्या आजीकडून ऐकलेलं चित्र असं. पोस्टमन पडवीत बसायचा, पिशवीतून फॉर्म काढायचा, आजी डाव्या अंगठ्याला शाई लावून ठसा उमटवायची, मग तो नोटा तिच्यासमोर दोनदा मोजायचा. फॉर्मच्या खालच्या बाजूला निरोपासाठी बोटभर जागा असे. 'खुशाल आहे. चतुर्थीला रजा मिळेल. गाईला विकू नये.' एवढंच त्यात मावायचं. तो तुकडा पोस्टमनच वाचून दाखवायचा, आणि आजी तो कणगीमागच्या डब्यात जपून ठेवायची. नवऱ्याची पत्रं अशी नव्हतीच. ते तुकडे हाच पत्रव्यवहार.

दुसऱ्या टोकाला गावकीची खोली. एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली, दहा बाय बाराची. तीस-चाळीस जण, प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. सगळे एकाच वेळी झोपू शकत नव्हते, पण गिरणीच्या तीन पाळ्या असल्यामुळे तशी वेळच येत नसे. जेवण खानावळीत, आणि ती चालवणारी बहुधा कुणा गिरणी कामगाराचीच बायको. या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केलं, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला काम म्हणून नाव मिळालं.

ही व्यवस्था चालायची ती एका अटीवर: बायकामुलं आणि म्हातारी माणसं गावातच राहिली पाहिजेत. गिरणीचा पगार एकट्या माणसाच्या खोलीला पुरायचा, बिऱ्हाडाला नाही. म्हणजे मुंबईच्या स्वस्त कापडाचा काही भाग गावच्या नाचणीने उचलला होता. मालकांनी कधी त्याचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही.

रत्नागिरीत पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत. म्हणजे कोकणात मुलींना जास्त मान आहे, असंच ना?

हा समज सगळ्यात घट्ट आहे. कोकणातला माणूस तो अभिमानाने सांगतो, भाषणांतही येतो. म्हणून जरा सविस्तर.

2011 मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, सिंधुदुर्गात 1036. राज्याचा आकडा 929. दिसायला केरळच्या पंगतीतला. पण हे गुणोत्तर मोजताना वयाच्या विशी ते पन्नाशीतले पुरुष जागेवर नव्हते. ते मोजले गेले ठाण्यात आणि मुंबईत. 1961 ची जनगणना काढून बघा. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे बाराशेच्या वर बायका, आणि बृहन्मुंबईत त्याच वर्षी हजारामागे 663. एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत या. मुंबईत बायका कमी होत्या म्हणून रत्नागिरीत जास्त दिसत होत्या.

मान किती आहे ते बघायचं तर शून्य ते सहा वयाच्या मुलामुलींचा आकडा बघायला हवा, कारण चार वर्षांचं पोरगं नोकरीला जात नाही. तिथे 2011 मध्ये रत्नागिरी हजारामागे 940 च्या आसपास आहे आणि सिंधुदुर्ग त्याहूनही खाली. 2001 च्या मानाने दोन्हीकडे घसरणच. राज्याच्या 894 पेक्षा बरं, बीडच्या 807 पेक्षा पुष्कळ बरं, यात शंका नाही. पण बायका जास्त असलेल्या जिल्ह्यात मुली कमी जन्मतायत, हेही त्याच जनगणनेच्या पुस्तकात छापलेलं आहे. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा 1988 मध्येच केला, देशात सगळ्यात आधी. केंद्राचा कायदा 1994 चा. तरी राज्याचा हा आकडा 1991 ला 946, 2001 ला 913 आणि 2011 ला 894 असा उतरतच गेला. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या 285 मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली, ती बातमी बऱ्याच जणांना आठवत असेल.

आता आणखी एक गंमत. एकूण गुणोत्तरही खाली येत चाललंय. रत्नागिरी 2001 मध्ये 1136 होता, तो 1122 झाला. सिंधुदुर्ग 1079 वरून एकदम 1036. हे वाईट आहे का? माझ्या मते हीच यातली सगळ्यात मोठी बातमी आहे, आणि ती चांगली की वाईट हे कुठे उभं राहून बघताय त्यावर ठरतं. गुणोत्तर उतरलं, कारण बायकाही निघाल्या. शंभर वर्षं माणूस जायचा आणि घर राहायचं. आता घरच जातं.

ज्या बाईने एकटीने नांगरणीला गडी बघितला, लावणी केली, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली आणि नवऱ्याला वर्षातून दोनदा पाहिलं, तिच्या सुनेने हे आयुष्य नाकारलं. तिला कोण दोष देईल? मी तरी देणार नाही. माझी आजी असती तर तिनेही दिला नसता.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा लोक गावी परत का आले नाहीत?

आले की. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि पहिल्या काही महिन्यांत बरेच जण गावीच होते. गावात खायला होतं म्हणून संप एवढा लांबला, असंही म्हणता येईल. पण वर्ष उलटलं, संप रीतसर मिटलाच नाही आणि पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्याच नाहीत.

तोवर मुलं मुंबईच्या शाळेत होती. ती गावी येऊन काय करणार होती? बाप वॉचमन झाला, कुणी भाजीची गाडी लावली, आईने पोळीभाजीची कामं घेतली. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे टॉवर आणि मॉल उभे राहिले, चाळींचा पुनर्विकास झाला आणि खोलीच्या बदल्यात मिळालेल्या पैशांत कल्याणच्या पुढे जागा घेतली गेली. पगार गेला, पण मुंबई सुटली नाही.

कोकण रेल्वेमुळे हे थांबायला हवं होतं ना?

अशीच आशा होती. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी रेटा लावला, ई. श्रीधरन यांनी ती बांधून काढली आणि 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण मार्ग खुला झाला. घटीचं दशक त्यानंतरचं आहे, हे लक्षात घ्या.

रेल्वेने लोक गेले असं मी म्हणणार नाही, जाणारे एसटीनेही जातच होते. पण रुळांवरून माल आणि माणूस दोन्ही बाजूंनी धावतात, आणि नोकऱ्या एकाच बाजूला होत्या. रेल्वेचा खरा फायदा येण्याजाण्याला झाला. पूर्वी वर्षातून दोनदा येणारा आता चारदा येतो. राहायला मात्र येत नाही.

घरटी मुलं कमी झाली, म्हणून लोकसंख्या घटली का?

थोडा वाटा त्याचाही. महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलं 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2.9 होती, 2019-21 मध्ये 1.7 झाली. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण 2.1 लागतात. यात जबरदस्तीपेक्षा मुलींचं शिक्षण आणि वाढलेलं लग्नाचं वय यांचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. आणीबाणीत, 1976 साली, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि तो कायदा झाला नाही. पाळणा त्यानंतर लांबला तो लोकांच्या मर्जीने.

पण कोकणात याहून मोठी गोष्ट अशी की मूल होण्याच्या वयाची जोडपीच गावात नाहीत. वाडीतली शाळा वीसच्या खालच्या पटावर आली, तर दोष पाळण्याला लावण्यात अर्थ नाही. ती मुलं नालासोपाऱ्याच्या शाळेत आहेत.

याआधी कधी लोकसंख्या घटली होती का?

होय, आणि त्या घटीचं कारण मरण होतं. 1911 ते 1921 या दशकात आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतली लोकसंख्या 2.15 कोटींवरून 2.08 कोटींवर आली. 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ हे त्याचं मुख्य कारण. 1921 नंतर मात्र आकडा प्रत्येक दशकात चढतच गेला.

त्याआधी 1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला आणि शहर सोडून लोक पळाले. 1891 मध्ये 8.21 लाखांची मुंबई 1901 मध्ये 7.76 लाखांवर होती. 2020 च्या उन्हाळ्यात हेच पुन्हा पाहिलं: चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावाकडे, आणि गावच्या वेशीवर बांबू आडवे. शाळांत विलगीकरण. ज्या शाळेत एरवी मुलं नाहीत, ती तेवढ्यापुरती भरली होती. काही जण तेव्हाचे राहिलेत, गावातच काहीबाही करतात. बाकीचे पहिली लोकल सुरू होताच गेले.

गावात माणूस नाही म्हणतात, मग आंब्याच्या बागा कोण सांभाळतं?

नेपाळी. थट्टा नाही. रत्नागिरी, देवगडच्या बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळहून आलेले गडी असतात. मोसमाच्या आधी येतात, बागेतल्या मांगरात राहतात, आंबा संपला की जातात. मच्छीमारी बोटींवरही खलाशी म्हणून नेपाळी आहेत. चिऱ्याच्या खाणीवर आणि बांधकामावर कर्नाटकातले मजूर.

1990 नंतर रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला शंभर टक्के अनुदान मिळालं आणि कातळावर सुरुंग लावून, खड्ड्यात माती भरून हापूस आणि काजू लागले. कोकणच्या शेतीत गेल्या पन्नास वर्षांत एवढा मोठा बदल दुसरा झाला नाही. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकनही मिळालं. पैसा आला, पण तो बागायतदाराकडे. आणि बागेला लागणारा मजूर गावात उरला नव्हता. ज्या जिल्ह्याने दीडशे वर्षं माणसं बाहेर पाठवली, त्याच्याकडे आता बाहेरची माणसं पैसे मिळवायला येतात आणि घरी पाठवतात. फरक एवढाच, की आता फोनवरून एका मिनिटात पैसे पोचतात, पोस्टमनची वाट बघावी लागत नाही.

परदेशी गेलेल्यांचं काय?

दापोली, खेड, चिपळूण, मंडणगड, राजापूर या भागातले कोकणी मुसलमान जहाजांवर खलाशी म्हणून आधीपासूनच होते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला त्यांची जुनी वस्ती आहे. 1970 नंतर तेलाच्या पैशाने आखाताची दारं उघडली आणि कुवेत, दुबई, सौदीकडे रांग लागली. खाडीकाठच्या गावांतले दुमजली बंगले त्याच कमाईचे. रचना मात्र जुनीच: पुरुष बाहेर, कुटुंब गावात. त्यामुळे काही गावांत मनीऑर्डरचा काळ अजून संपलेला नाही, फक्त चलन बदललं.

जमीन पडून आहे तर कुणी कसत का नाही? किंवा विकून मोकळं का होत नाही?

सातबारा काढून बघा, म्हणजे कळेल. आमच्या एका चोंढ्याच्या सातबाऱ्यावर नावांचं एक पान पुरत नाही. पणजोबांचे चार मुलगे, त्यांची मुलं, मुली, मयतांचे वारस. त्यातले दोघं बडोद्याला, एकजण कुठे आहे तेच कुणाला ठाऊक नाही. वाटप करायचं तर सगळ्यांच्या सह्या. सह्यांसाठी सगळे एकत्र येतात ते गणपतीत, आणि गणपतीत जमिनीचा विषय काढायचा नाही असा घरचा अलिखित नियम.

महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर झाली. कोकणात मुळातच तुकडे लहान. त्यात शेजारच्यांनी पेरणी सोडली की माकडं आणि रानडुकरं उरलेल्या एकट्या शेतावर तुटून पडतात. दहा जण भात लावत होते तेव्हा नुकसान दहांत वाटलं जायचं. एकटा शेवटपर्यंत लावत राहणारा माणूस सगळ्यांचं नुकसान एकटा सोसतो, आणि मग एका वर्षी तोही तरवा, म्हणजे लावणीची रोपं, काढत नाही.

म्हाताऱ्यांचं प्रमाण वाढलंय का?

वाढलंय. 2011 मध्ये राज्यात साठीपुढचे लोक सुमारे दहा टक्के होते, आणि हे दोन जिल्हे त्या यादीत अगदी वर येतात. एकट्या राहणाऱ्या आज्या हा कोकणातला नवा संसार आहे. मुलगा व्हिडिओ कॉल करतो, शेजारची वहिनी डबा आणि गोळ्या आणून देते. त्या वहिनीचंही वय बासष्ट.

आकडे 2011 चे, म्हणजे फारच जुने झाले. नवे कधी?

2021 ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली आणि बरीच वर्षं रखडली. आता नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 अशी जाहीर झाली आहे. 1931 नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात नोंदली जाणार आहे, त्यामुळे चर्चा त्याचीच होईल.

कोकणापुरती एक बारीक गोष्ट. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. शिमगा त्या वर्षी 19 मार्चला होता. फेब्रुवारी म्हणजे गावात कोणी नसण्याचा महिना: भात घरात, आंबा झाडावर लहान, पोरांच्या परीक्षा तोंडावर. 2027 मध्येही शिमगा मार्चच्या उत्तरार्धातच येतो. चतुर्थीच्या दिवशी मोजणी केली तर रत्नागिरी केवढा भरेल, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. अर्थात तो आकडा कुणाच्याच कामाचा नसेल.

मी राहतो बदलापूरला, मतदान गावी करतो, घरपट्टी दोन्हीकडे भरतो. माझी गणना कुठे होणार?

बदलापूरला. मोजणीच्या काळात नेहमी जिथे राहता तिथेच नाव लागतं. मतदारयादी, रेशनकार्ड किंवा सातबाऱ्याशी त्याचा संबंध नाही. जन्मस्थळ आणि आधीचं राहण्याचं ठिकाण विचारतात, तिथे जिल्हा नीट सांगा. 'मुंबईच' म्हणून मोकळे होऊ नका, कारण कोण कुठून आलं हे त्या दोन उत्तरांवरूनच कळतं.

आणि गावच्या बंद घराचं काय लिहितात?

लोकांच्या मोजणीआधी घरांची यादी होते. प्रगणक दारापर्यंत येतो आणि घर वापरात नसेल तर 'रिकामं' अशी नोंद करून पुढे जातो. आमच्याकडे मागच्या खेपेला तो आला तेव्हा शेजारची वहिनी देवापुढे दिवा लावायला म्हणून दार उघडून आत गेली होती. त्याने विचारलं, इथे कोण राहतं? ती म्हणाली, "सगळीच रवतत. आत्ता नाय हत."